दोनशे मिलिवॅट

वाइके पूर्वी शंभर वॅटवर बोलायची.
रात्री साडेनऊला माझ्या डाव्या कानातलं यंत्र
कुरकुरायला लागे:
टिर्र, टिर्रर्र, टिर्र.
मेंढ्या ढिम्म. ऐकू यायचं ते फक्त मला.
एकदा कुंपणाशी जाऊन ओरडलो,
बाई, तू माझ्या डोक्यात शिरतेस!
हीउमा बेटावर असं काही ओरडलं
की वारा ते चर्चच्या पायरीपर्यंत पोचवतो.

ती काही बोलली नाही.
मासेमारी जहाजांवर तेवीस वर्षं रेडिओ सांभाळलेली बाई,
माफीसुद्धा तांब्यात कोरून मागणार.
नोव्हेंबरभर तिच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता.
डिसेंबरात हाक आली: हेल्दुर, भिंग धर.

काड्यापेटीहून जरा मोठा हिरवा बोर्ड.
खालची बाजू अखंड तांब्याची.
"इथे एक चीरसुद्धा नको," ती म्हणाली,
"परतीची वाट तुटली
की वीज भलत्याच घरात शिरते."
मी नकळत कान चाचपला.

वरच्या बाजूला दोन वाटा, जुळ्या.
कॉम्प्युटरमधून निघालेली दोन भावंडं,
चाल एकच, पण धाकटं
बरोबर पाव फेरी मागे.
मिक्सरपाशी गाठ पडली
की एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी,
आणि हवेत जातो तो एकच सूर.
निदान जायला हवा.

पहिला बोर्ड खोटं बोलला.
पडद्यावर तिच्या रेषेसमोर, मध्याच्या पलीकडे,
तिचीच फिकट सावली.
दोन दिवस तिने प्रोग्रॅम उसवला.
शिव्या आधी एस्टोनियन, मग रशियन,
समुद्रावर तीच चालायची म्हणे.
शेवटी सापडले दोन कपॅसिटर,
छापलेला आकडा एकच,
पोटात मात्र एक जरा उपाशी.
मग शंभरांची पिशवी ओतली टेबलावर.
ती एकेक मोजायची, मी अंड्यांच्या खोक्यावर आकडे लिहायचो,
एकसष्टाव्याला जोडी जमली.
मी म्हणालो, लग्न जुळवताना कोणी एवढं बघत नाही.
"म्हणून तर," वाइके म्हणाली,
आणि सोल्डरिंगची इस्त्री उचलली.

फिल्टरच्या कड्यांवर तार मी गुंडाळली.
दुप्पट-तिप्पट सुरांना दारातच अडवायचं
तर वेढे चुकून चालत नाहीत.
ती म्हणाली बावीस झाले. मी म्हणालो एकवीस.
एकवीसच होते.
यावर ती दोन दिवस बोलली नाही.

फेब्रुवारीत दुसरा बोर्ड बोलला.
ट्रान्झिस्टरला बोट लावून बघितलं,
नुकत्याच घातलेल्या अंड्याइतका कोमट.
दोनशे मिलिवॅट. माझी टॉर्च याहून उधळी.
आणि अझोरेसवर कुणाच्या तरी रिसीव्हरने
तिची खूण उचलली,
गोंगाटापेक्षा केसभर वर.
तिने नकाशा दाखवला:
आमच्या विहिरीपासून निघालेली एक रेघ
सगळी जमीन ओलांडून पाण्यात.

माझ्या कानात शांतता.
हवी होती तीच.
साडेनऊला खिडकीशी बसलो,
यंत्राचा आवाज शेवटच्या खुणेपर्यंत चढवला.
वारा. घड्याळ. माझंच रक्त.
दुसऱ्या रात्री तेच.
चौथ्या रात्री बूट चढवले, कुंपण ओलांडलं.
बंद केलंस का?
"चालू आहे."
आत्ता?
तिने मान हलवली. उजवा हात कळीवरून निघाला नव्हता.

अझोरेसला पोचते,
आणि मधली चाळीस पावलं?
असं काही मी विचारलं नाही.
टोपी काढली, वाकलो,
डावा कान बोर्डाला जवळजवळ टेकवला.

टिर्र.
अगदी बारीक.
टिर्रर्र, टिर्र.

"केस जळतील, हेल्दुर," ती म्हणाली,
पण हात थांबवला नाही.